पाण्यावरून कोची

मंडळाला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना स्मरणिकेसाठी ‘आपल्या गावाचा इतिहास’ या विषयावर काही लिहावे, असे कार्यकारिणीने आम्हांस सुचविले, तेव्हा प्रथम आमची पंचाईतच झाली. आपले गाव म्हणजे कोणते? सभासदांपैकी कोणाचे गाव चिपळुणाजवळ, कोणाचे विट्याजवळ, तर कोणाचे थेट नागपुराकडे. आणि ज्यांचा जन्मच इकडचा, अशांचीही संख्या आता थोडी नाही. शेवटी ज्या गावाने आपल्याला पोटाशी धरले तेच आपले गाव, असे मानून आम्ही कामास लागलो. परंतु पुस्तके चाळू लागल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. इतकी वर्षे राहूनही आम्ही कोची पाहिले होते ते बसच्या खिडकीतून आणि पुलांवरून. ज्यांनी हे गाव वसविले ते मात्र बहुतेक सारे आले पाण्यावरून. तेव्हा आपणही एकदा ते त्याच वाटेने पाहावे, असे ठरले.

संक्रांतीनंतरच्या पहिल्याच रविवारी लहानमोठी बावीस माणसे, तिळगुळाचे दोन डबे, पाण्याच्या बाटल्या आणि आमच्या पिशवीतील काही छायाप्रती एवढे सामान घेऊन एक यांत्रिक होडी एर्नाकुलमच्या धक्क्यावरून निघाली. शेजारून सरकारी बोटी जात होत्या. २०२३ साली सुरू झालेल्या ‘वॉटर मेट्रो’च्या पांढऱ्या बोटी तर आवाज न करता निघून जात. आमच्या होडीचे यंत्र मात्र चांगलेच बोलके होते. त्यामुळे पुढील सारा इतिहास आम्हांस ओरडून सांगावा लागला, हे वाचकांनी कृपया ध्यानात घ्यावे.

धक्का सोडताच समोर येते ते विलिंग्डन बेट. मोठे गोदामांचे, रेल्वेच्या रुळांचे, झाडांचे बेट. आणि तरीही ते शंभर वर्षांपूर्वी नव्हते, हे होडीतील मुलांना पटवून देणे कठीण गेले. कोचीच्या खाडीच्या मुखाशी वाळूचा एक दांडा आडवा पडलेला असे. त्यावरून मोठ्या जहाजांना आत येण्याइतके पाणी नसल्याने ती बाहेरच समुद्रात नांगर टाकत आणि माल लहान होड्यांतून आत-बाहेर होई. पावसाळ्यात तर सारेच बंद. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याला हात न लावणाऱ्या कोकणातल्या माणसाला हे वेगळे सांगावयास नको. १९२० साली रॉबर्ट ब्रिस्टो नावाचा इंग्रज अभियंता येथे आला. दांडा फोडला तर आतले पाणी आणि बाहेरचा समुद्र मिळून वैपीनचा किनाराच खाऊन टाकतील, ही त्या काळची मोठी भीती होती. ब्रिस्टोने आधी लाटा आणि वाळू यांचे चलनवलन पाहिले, किनाऱ्याला दगडी आधार देऊन पाहिला आणि मगच दांड्याला हात घातला. ‘लॉर्ड विलिंग्डन’ नावाच्या ड्रेजरने गाळ उपसून जहाजांसाठी खोल वाट काढली. १९२८ साली ‘पद्मा’ नावाची आगबोट त्या वाटेने आतल्या बंदरात शिरली. उपसलेला गाळ टाकावयाचा कोठे? तो खाडीतच एका जागी टाकत गेले आणि सुमारे ७८० एकर नवी जमीन उभी राहिली. तेच हे बेट. १९३६ साली कोचीला मोठ्या बंदराचा दर्जा मिळाला.

दक्षिणेकडे गोदीच्या उंच याऱ्या दिसत होत्या. देशातच बांधलेली पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ याच गोदीत तयार झाली आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झाली. त्याच दिवशी, याच ठिकाणी, भारतीय नौदलाच्या नव्या ध्वजाचे अनावरण झाले. त्यावरील अष्टकोन शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला आहे. आमच्यात नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. एरवी फार बोलके, पण त्या दिशेला पाहून ते गप्प राहिले. मग एकदम म्हणाले, “मुलांनो, त्या ध्वजाला किती कोन आहेत ते मला परत जाईपर्यंत सांगा.”

बेटाच्या उत्तर टोकाला वळसा घालून होडी मट्टांचेरीच्या बाजूला आली. येथे उतरून आम्ही दीड तास पायी हिंडलो आणि या सहलीतील खरी मौज, आमच्या मते, येथे आहे. फोर्ट कोची आणि मट्टांचेरी ही आज एकमेकांना चिकटलेली गावे. पोर्तुगीज काळात मात्र त्यांच्यामध्ये दोन राज्यांची सीमा होती. समुद्राकडील किल्ल्यात पोर्तुगीजांचा अंमल. चालत अर्ध्या तासाच्या आत मट्टांचेरीला पोचले की कोचीच्या राजाचा अंमल. किल्ल्यात ज्याला थारा नव्हता त्याला राजवाड्याच्या भिंतीशी थारा मिळत असे.

हे वाक्य आम्ही अलंकार म्हणून लिहिलेले नाही. राजवाडा आजही तेथे आहे. सुमारे १५५५ साली पोर्तुगीजांनीच तो बांधून राजाला दिला. पुढे १६६३ साली कोची जिंकून घेणाऱ्या डचांनी त्याची डागडुजी केली आणि नाव मात्र ‘डच राजवाडा’ असे पडले. बांधणारा राहिला बाजूला आणि दुरुस्ती करणारा नाव घेऊन गेला. आत भिंतींवर रामायणाची चित्रे आहेत. त्यांचे वर्णन येथे करीत नाही, ती प्रत्येकाने जाऊन पाहावीत. या राजवाड्याच्या मंदिराला लागूनच, भिंतीला भिंत लावून, १५६८ साली बांधलेले परदेशी यहुद्यांचे प्रार्थनागृह उभे आहे. पोर्तुगीजांनी १६६२ साली त्याची नासधूस केली. डच आल्यावर ते पुन्हा उभे राहिले. अठराव्या शतकात एझेकिएल राहबी या मोठ्या व्यापाऱ्याने घड्याळाचा मनोरा बांधून दिला आणि चीनमधून हाताने रंगविलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आणवून जमिनीत बसविल्या. १९६८ साली या वास्तूला चारशे वर्षे झाली तेव्हा पंतप्रधान इंदिरा गांधी सोहळ्यास आल्या होत्या आणि टपाल खात्याने तिकीटही काढले. परंतु तोपर्यंत बहुतेक घरे रिकामी होऊ लागली होती. १९४८ नंतर कुटुंबे एकामागून एक इस्रायलला निघून गेली आणि आज त्या गल्लीत यहुदी नावाच्या पाट्या पुष्कळ आणि यहुदी माणसे एका हाताच्या बोटांवर मोजावी इतकीच. आपल्या अलिबाग-पेणकडील शनवार तेल्यांना, म्हणजे बेने इस्रायलींना, प्रार्थना आणि धर्माचार शिकविण्यास कोचीहून शिक्षक जात असत, ही गोष्ट आम्हांस माहीत होती. पण ते शिक्षक याच गल्लीतून निघाले असतील, हे तेथे उभे राहिल्यावरच जाणवले.

तेथून थोडे पुढे चेरलायीचे तिरुमल देवस्वम्. गोव्यात सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळे पाडली, १५६०पासून धर्मन्यायसभेचा जाच सुरू झाला, तेव्हा कित्येक कोकणी कुटुंबे देव आणि चीजवस्तू घेऊन दक्षिणेकडे निघाली. त्यांतील पुष्कळांना कोचीच्या राजाने मट्टांचेरीत जागा दिली. गोव्यात ज्यांच्या जाचाला कंटाळून गाव सोडले, त्यांचाच किल्ला येथून हाकेच्या अंतरावर! तरीही लोक राहिले, व्यापारात पुढे आले आणि १५९९ साली त्यांनी हे देऊळ उभारले. सारेच गोड झाले असे मात्र नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस राजाशी बिनसले, पुढारी व्यापाऱ्यांपैकी काहींचे प्राण गेले आणि कोकणी समाजाने देवाची मूर्ती त्रावणकोरच्या हद्दीत नेली. ती परत आली एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. आश्रय मिळालेल्या माणसाने आपला आश्रय कायमचा आहे असे धरून चालावे की नाही, या प्रश्नावर देवळाच्या ओट्यावर आमच्यात थोडा वाद झाला. प्रसाद आला म्हणून तो तेथेच राहिला.

देवळाबाहेर फुलांच्या दुकानातील बाई शेजारणीशी कोकणीत बोलत होत्या. त्यात मल्याळम शब्दांची भर पुष्कळ, पण क्रियापदे कानाला ओळखीची. आमच्या होडीत विटा भागातील एक कुटुंब होते. सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडीकडची माणसे दुष्काळामुळे गाव सोडून सोने गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यात पडली आणि हिंदुस्थानभर पसरली, हे आपल्या मंडळात सर्वांना ठाऊक आहे. त्या घरातील वहिनींनी फुलवालीला मराठीत भाव विचारला, तिने कोकणीत सांगितला आणि दोघींनी पाच रुपयांसाठी जी घासाघीस केली तिच्यात दुभाष्याची गरज पडली नाही.

पुन्हा होडीत बसून आम्ही खाडीच्या मुखाकडे गेलो. येथे ती प्रसिद्ध चिनी जाळी. चार-सहा माणसे दोर ओढतात, मोठमोठे दगड प्रतिभार म्हणून लोंबकळत असतात आणि कोळ्याच्या पायांसारखे ते सारे लाकडी सांगाड्यांचे जाळे पाण्याबाहेर येते. पंधराव्या शतकाच्या आरंभी चिनी दर्यासारंग झेंग ह याची जहाजे कोचीला येत असत, त्यांच्याबरोबर ही जाळी आली असे म्हणतात. ती पोर्तुगीजांनी मकावहून आणली, असे मानणारेही आहेत. आम्हांस पकड पाहून वाटले की वाद दीर्घकाळ टिकेल, मासळीचे सांगवत नाही. तीन वेळा जाळे वर आले आणि तिन्ही वेळा मूठभर मासळी!

काठावरील चर्चमध्ये वास्को द गामाला पुरले होते. १५२४च्या नाताळच्या आदल्या दिवशी तो येथे वारला. १५३९ साली त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. रिकामी जागा दगडाने दाखविलेली आहे. पोर्तुगीज कोचीस प्रथम आले ते १५०० साली, काब्रालबरोबर. १५०३ साली त्यांनी किल्ला घातला आणि १५३० साली राजधानी गोव्याला हलविली. त्यांच्यामागून डच, आणि १७९५ साली इंग्रज. पुस्तकांतून हा भाग लांबलचक असतो. पाण्यावरून पाहताना मात्र त्यातील फार थोडे दिसते. किल्ला पाडला गेला, तटाचे दगड इकडे-तिकडे विखुरले. दिसते ते मुख. ते पाणी, पलीकडे वैपीन, आणि आत-बाहेर करणारी जहाजे. या सर्वांचे येणे ज्याच्यामुळे झाले ते हे मुखच मुळात कोणी बांधलेले नाही.

१३४१ साली पेरियार नदीला प्रचंड पूर आला, असे परंपरा सांगते. त्याआधी या किनाऱ्याचे मोठे बंदर होते उत्तरेकडे, कोडुंगल्लूरच्या परिसरात. रोमन लोक ज्याला मुझिरिस म्हणत ते. पुराने त्याचे मुख गाळाने भरले आणि इकडे दक्षिणेस पाण्याने नवी वाट फोडून कोचीचे मुख मोकळे केले. समोरचे वैपीन बेट त्याच गाळाचे. नावातच ते आहे. वैप्पु म्हणजे साचून झालेली भूमी. तेथील लोकांनी त्या वर्षापासून ‘पुतुवैप्पु’ नावाचा शकसुद्धा धरला होता. आपण राज्याभिषेकापासून शक धरतो. येथे एका बेटाच्या जन्मापासून धरला, ही कल्पना आम्हांस विलक्षण वाटली.

मुझिरिस कोठे होते याविषयी २००७ सालापासून पट्टणम या गावी झालेल्या उत्खननाने पुष्कळ प्रकाश टाकला. भूमध्यसमुद्राकडील मद्याच्या रांजणांचे तुकडे, मणी, विटांनी बांधलेला धक्का आणि एका लाकडाची, सुमारे सहा मीटर लांबीची होडी तेथे सापडली. आमचा बेत पट्टणमपर्यंत जाण्याचा होता. तो का सिद्धीस गेला नाही, ते आता सांगितलेच पाहिजे.

वल्लारपाडमला वळसा घालून, २०११ साली सुरू झालेल्या कंटेनर बंदराच्या याऱ्या मागे टाकून आम्ही उत्तरेकडील लहान बेटांमध्ये शिरलो. कडमकुडीच्या बाजूला पोक्कळीची शेते आहेत. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडे झाले की त्यात उंच वाढणारे भात लावतात. पीक निघाल्यावर पाणी पुन्हा खारे होते आणि त्याच शेतात झापेतून भरतीबरोबर कोळंबी आत घेतात. खत नाही, औषध नाही. भाताचा पेंढा कोळंबीला आणि कोळंबीची घाण भाताला. कोकणातील खाजणाची शेती ज्यांनी पाहिली आहे त्यांना बांध, उघडझाप करणारी फळी, सारे ओळखीचे वाटेल. आमच्यातील चिपळूणकडचे काका बांधावर उतरले ते उतरलेच. कोळंबीवाल्याशी हातवारे करीत त्यांनी पाऊण तास घालविला, आणि कोणी घाई केली नाही, हा दोष आम्हां सर्वांचा. ओहोटी लागली होती. इकडची भरती-ओहोटी मुंबईच्या मानाने अगदीच लहान, जेमतेम एका मीटरची. म्हणून आम्ही ती हिशेबात धरली नव्हती. उथळ पाटात होडी गाळावर बसली. होडीवाल्याने वल्हे रोवून पाहिले, हसला, आणि दोन-अडीच तास तरी थांबावे लागेल असे सांगून त्याने यंत्र बंद केले.

सकाळपासून प्रथमच शांतता झाली. तिळगूळ निघाला आणि आमच्या पिशवीतील छायाप्रतीही.

या छायाप्रती ‘हॉर्टस मलाबारिकस’ या ग्रंथाच्या. हेन्द्रिक व्हान र्‍हीड हा १६७०पासून काही वर्षे डचांचा मलबारमधील कमांडर होता. या प्रदेशातील वनस्पतींची माहिती त्याने जमविली आणि १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅम येथे तिचे लॅटिनमध्ये बारा खंड निघाले. सुमारे ७४० वनस्पती. पहिली अर्थातच नारळ. माहिती सांगणारा मुख्य माणूस इट्टी अच्युतन हा येथील वैद्य. त्याची मल्याळम माहिती पोर्तुगीजमधून लॅटिनपर्यंत गेली. आणि त्याच्या जोडीला होते कोचीचे तीन कोकणी वैद्य : रंग भट, विनायक पंडित आणि अप्पु भट. चित्रांवर वनस्पतींची नावे रोमन, मल्याळम, अरबी आणि नागरी अशा लिप्यांत आहेत. पहिल्या खंडात या तिघांनी आपण दोन वर्षे हे काम केल्याचे प्रमाणपत्र दिले आहे, १६७५ सालचे. भाषा कोकणी, लिपी नागरी, ताम्रपटावर कोरून छापलेले. युरोपात छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या नागरी मजकुरांपैकी हा एक होय. मुंबईत मराठी पुस्तके छापू लागली ती त्यानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी. १६७५ म्हणजे राज्याभिषेकाच्या दुसऱ्या वर्षी महाराजांनी फोंडा घेतला ते साल. तिकडे गोव्याच्या वेशीवर तोफा चालू असताना त्याच मुलखातून परागंदा झालेल्या घराण्यांतील माणसे येथे बसून पानाफुलांची नावे लिहीत होती.

हा ग्रंथ जवळजवळ तीनशे वर्षे लॅटिनमध्येच कुलूपबंद राहिला. के. एस. मणिलाल या वनस्पतिशास्त्रज्ञांनी आयुष्यातील कित्येक वर्षे खर्चून त्याचे भाषांतर केले. केरळ विद्यापीठाने ते इंग्रजीत २००३ साली आणि मल्याळममध्ये २००८ साली प्रसिद्ध केले.

प्रमाणपत्राचे पान आम्ही गलाईवाल्यांच्या मुलीच्या हाती दिले. सातवीत आहे. घरी मराठी, शाळेत मल्याळम आणि हिंदी. तिला नागरी अक्षर येते ते हिंदीमुळे. आपल्या मुलांचे मराठी वाचन हे असे शाळेतील हिंदीच्या उपकारावर चालले आहे, हे येथे लपविण्यात अर्थ नाही. अक्षरवळण जुने, शब्द तुटक नाहीत. ती अडखळली, मागे गेली, पुन्हा वाचू लागली. अर्थ तिला फारसा लागला नाही, आम्हांलाही सारा लागतो असे नाही. पण तिन्ही नावे तिने स्वच्छ वाचली. आणखी एक गोष्ट त्या वेळी ध्यानात आली. उत्तरेत वाढलेल्या आपल्या भाचरांच्या तोंडून ‘ळ’ जातो, ‘बाळ’चे ‘बाल’ होते. या मुलीचा ‘ळ’ खणखणीत होता. मल्याळममध्ये तो आहे, म्हणून तो टिकला.

होडीवाला कुतूहलाने जवळ आला. त्याला नारळाचे चित्र दाखविले. वरचे मल्याळम नाव त्याने चटकन वाचले. मग आम्ही इट्टी अच्युतनच्या प्रमाणपत्राची छायाप्रत पुढे केली. त्याने ती डोळ्यांजवळ नेली, दूर धरली, उलटी केली. ते पान कोलेळुत्तु या जुन्या लिपीत आहे. भाषा त्याची, गाव त्याचे, वैद्यही त्याच्याच मुलखाचा. आणि अक्षर एक लागेना. मुलीने विचारले, “चेट्टा, हे तुमचे मल्याळम ना?” तो म्हणाला, “आमचेच. पण हे वाचणारे गेले.”

मग पुष्कळ वेळ कोणी काही बोलले नाही. शेताच्या बांधावर बगळे बसले होते. नौदलवाल्या गृहस्थांनी ध्वजाच्या कोनांचे उत्तर विचारले, आणि मुलांनी एकमुखाने ‘आठ’ म्हटले. काकूंनी दुसरा डबा उघडला. होडीवाल्याला तिळगूळ देताना त्याच्याकडून ‘गोड बोला’ म्हणवून घेण्याचा प्रयत्न झाला. तो ‘गोड’ शब्दापाशी दोनदा थांबला, तिसऱ्यांदा जमले.

साडेचारच्या सुमारास पाटातील पाण्यावर पेंढ्याच्या काड्या उलट दिशेने सरकू लागल्या. भरती आली होती. होडी एकदा किंचित डुलली, मग मोकळी झाली. पट्टणमला जाण्याइतका उजेड आता उरला नव्हता. बोळगाट्टीच्या डच बंगल्यावरून, १७४४ सालच्या, होडी परतीला लागली तेव्हा मुले झोपली होती. धक्क्यावर उतरताना होडीवाल्याने ठरलेले भाडे घेतले आणि कोलेळुत्तुचे ते पान मागितले. त्याच्या वाडीत एक फार म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांना दाखवून पाहतो म्हणाला. ते आम्ही त्याला दिले. नागरीचे पान मुलीने आधीच आपल्या वहीत ठेवले होते.